पाण्यातून उतरवलेली फुलं

माझ्या धाकट्या बहिणीचा डावा गुडघा माझ्यामुळे गेला. आमच्या घरात, नात्यात आणि गल्लीत सगळ्यांना इतकी वर्षं असंच माहीत होतं, की धुळ्याच्या एका कारागिराने तिचा कृत्रिम पाय चुकीचा बनवला आणि त्यात पोरीचं नुकसान झालं. ते खरं नाही. कारागिराने पाय बरोबर बनवला होता. तो मी बिघडवला. बिघडल्याचं मला दिसलं, आणि दिसल्यावरही मी त्यावर निळी फुलं चढवून तो तिच्या हातात दिला. माझ्या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा हे प्रकरण सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. शाळेचं, मेहरूणच्या तलावात पोहायला शिकल्याचं, ती सगळी प्रकरणं मी मजेत लिहून काढली आणि हे मागे ठेवत आलो.

वैशालीचा पाय गेला तेव्हा ती अकरावीत होती. उलटा मागे घेत असलेल्या टेम्पोखाली सापडला, यापेक्षा जास्त मी त्याबद्दल लिहीत नाही. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "गुडघा वाचलाय." आईला त्यात वाचण्यासारखं काय आहे ते कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. गुडघा आपला असला की खाली बनवलेला पाय लावता येतो, जिना चढता येतो, सायकल मारता येते. गुडघाच नसला तर सगळंच अवघड. "गुडघ्याला जपा," ते म्हणाले. ते दोन शब्द आमच्या घरात नंतर वर्षभर देवाच्या नावासारखे घेतले जात होते. आई रोज सकाळी तिच्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळायची आणि तो शंभर वेळा वाकवून घ्यायची. मोजताना तिचा आकडा चुकायचा, मग ती पुन्हा साठपासून सुरू करायची आणि वैशाली ओरडायची, "माय, आज दीडशे झाले माझे."

आमचं घर जळगावला कारखान्यांच्या वसाहतीला लागून होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. वारा पूर्वेकडून आला की चटईच्या कारखान्यांचा तापलेल्या प्लास्टिकचा वास घरात भरायचा आणि आम्हाला तो वास आहे हेही जाणवायचं नाही. पाहुणे आले की नाकाला रुमाल लावायचे तेव्हा कळायचं. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते मुक्ताईनगरकडचे, आणि पाइपाच्या कारखान्यात होते. आई धुळ्याकडची, तिची बोली अहिराणी. दोघं एकमेकांच्या बोलीची टिंगल करत आणि आम्ही दोघं भावंडं मधली, शाळेतली मराठी बोलत वाढलो. रविवारी कळण्याची भाकरी आणि भरीत असायचं. भरिताची वांगी भाऊ स्वतः भाजायचे, कारण आईला आच कळत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. "आगीजोळ माह्यं काम," ते म्हणायचे. "तुह्यं काम पाण्याजोळ." आई म्हणायची, "मंग बठ्ठा सयपाक तूच कर ना." बठ्ठा म्हणजे सगळा.

आगीचं त्यांचं काम खरंच होतं. कारखान्यात ते पाइपाचं टोक तापवून मऊ करायचे आणि साच्यावर चढवून फुगवायचे, म्हणजे एका पाइपात दुसरा बसतो. एकदा त्यांनी असा एक फुगवलेला, नाकारलेला तुकडा घरी आणला आणि गॅसवर धरून आम्हाला दाखवला. थोडा वेळ काही झालं नाही. मग आमच्या डोळ्यांदेखत ते फुगीर टोक आपोआप आवळत गेलं आणि पुन्हा सरळ नळी झाली. आम्ही दोघं थक्क. भाऊ म्हणाले, "पाह्यलं? याले आपला पयला आकार आठोते. कितीबी ताणा, आच लागली का हे परत जाते." आई पदर नाकाला लावून सगळ्या खिडक्या उघडत होती. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, ते या तुकड्यामुळे.

वैशालीचा पाय धुळ्याला बनला. जुन्या धुळ्यात हमीदचाचांचं घर होतं आणि घरापुढच्या खोलीत कारखाना. एक धर्मादाय ट्रस्ट त्यांच्याकडे माणसं पाठवायचा. ते राहिलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घेत, तो कानशीने घासून नेमका करत, आणि भट्टीत तापवलेला जाड प्लास्टिकचा पाइप त्या साच्यावर ताणून बसवत. खाली रबराचं पाऊल. आमच्या भाऊंना हे फार आवडलं. "म्हंजी आपलाच माल," ते चाचांना म्हणाले. चाचा हसून म्हणाले, "हाँ भाऊ, आपके यहाँ से पानी जाता है, हमारे यहाँ से आदमी चलता है." दोघांनी तिथे अर्धा तास पाइपावर गप्पा मारल्या. मापं द्यायला, पाय आणायला नंतर मीच जायचो, कारण मी तेव्हा धुळ्यालाच नोकरीला लागलो होतो. पाय माझ्या हातात देताना चाचांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, साचा इथेच फळीवर राहील. कुठे टोचलं, सैल वाटलं, तर पाय घेऊन ये, साच्यावर चढवून बघू, पाच मिनिटांचं काम आहे. आणि दुसरी, "इसको आँच से बचाना. धूप में गाड़ी पे भी मत छोड़ना."

पहिल्या दिवशी वैशाली पडवीतून मोरीपर्यंत गेली आणि परत आली. फरशीवर आवाज झाला: चप्प, टक्. चप्प, टक्. आई ओट्याशी पाठ करून उभी होती, तिने वळून पाहिलं नाही, नुसती ऐकत राहिली. महिन्याभरात तो आवाज इतका सारखा पडायला लागला की आम्ही तो ऐकायचं सोडलं. वैशाली सायकलवर कॉलेजला जायला लागली. पुढे तिने रसायनशास्त्र घेतलं. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती आणि ती दिवसातून दोनदा तो जिना चढायची. एकच तक्रार तिची होती, ती पायाच्या रंगाची. तो एक फिका, मेणासारखा तपकिरी रंग होता. "दादा, हा रंग कोणाचा आहे रे?" ती म्हणायची. "आपल्या घरात तर कोणाचाच नाही. बाहुलीचा पाय काढून मला लावलाय." ती हे हसत म्हणायची, पण कडक उन्हातसुद्धा तिची सलवार घोट्याखाली असायची.

मी नोकरीला होतो ते नानांच्या दुकानात. महामार्गाच्या कडेला त्यांचं शेड होतं, गाड्यांच्या सुट्या भागांवर नक्षी चढवायचं. त्या वेळी ते धुळ्यात नवीनच होतं आणि लोक उभे राहून पाहायचे. कोमट पाण्याचा हौद. त्यावर नक्षी छापलेली पातळ फिल्म पापडासारखी अलगद सोडायची. मिनिटभरात ती पाणी पिऊन फुगते, तिच्या सुरकुत्या जातात. मग तिच्यावर एका द्रावणाचा फवारा मारायचा. फिल्म विरघळते आणि पाण्यावर नुसता रंग उरतो, तेलासारखा चमकत, नक्षी जशीच्या तशी. आता हेल्मेट असो, आरशाची वाकडी दांडी असो, ती तिरकी धरून सावकाश, हात न थांबवता पाण्यात उतरवायची. रंग स्वतःच वस्तूला चहूबाजूंनी मिठी मारतो. कुंचल्याने जे खाचाखोचांत जमत नाही ते पाणी करतं. वर काढून चिकट थर धुवायचा, वाळवायचं, वार्निश मारायचं. मला यात गती होती. पहिल्या सहा महिन्यांत नानांनी बुडवायचं काम माझ्यावर सोपवलं. हात थरथरला की नक्षीत सुरकुती पडते, आणि माझा हात थरथरत नसे. ही गोष्ट मी तेव्हा लोकांना विनाकारण सांगत सुटायचो.

गिऱ्हाइकाला हवी असायची ती कवट्यांची, ज्वाळांची, नाहीतर सागवानी लाकडाची फिल्म. एका खोक्यात चुकून एक भेंडोळं आलं होतं: पांढऱ्यावर बारीक निळी फुलं आणि हिरवी पानं. मोटारसायकलवर फुलं कोण लावणार. ते कोपऱ्यात पडून होतं आणि माझ्या डोक्यात वैशालीचा पाय होता. मी तिला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, "खरंच होईल?" आणि मग, "सोमवारी प्रॅक्टिकल आहे, त्याच्या आत दे." शनिवारी मी पाय पिशवीत घालून बसने धुळ्याला नेला. ती दोन दिवस कुबड्यांवर राहिली.

नानांनी पाय हातात घेऊन फिरवला, नखाने खरवडला आणि परत दिला. "हाऊ पाइपना माल शे भो. ह्यावर रंग टिकत नही. बादलीवर कधी रंग टिकना का? हेल्मेट आन, टाकी आन, बठ्ठं करी दिसू. हाई राहू दे."

मी राहू दिलं नाही. मी एका बंपर रंगवणाऱ्याकडे पाहिलं होतं, की असल्या मेणचट प्लास्टिकवरून गॅसची ज्योत झर्रकन फिरवली की वरचा थर बदलतो आणि रंग धरतो. पाणी टाकून कळतं. आधी पाणी थेंब थेंब होऊन पळून जातं, ज्योत फिरवल्यावर सपाट पसरून राहतं. रविवारी दुकान बंद, किल्ली माझ्याकडे. मी गॅसचा टॉर्च पेटवला आणि नडगीवरून भरभर फिरवला. पाणी पसरलं. मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्याने "वा" म्हणालो. फक्त वरच्या काठापाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, एक पट्टा राहिला होता. तिथे पाणी अजून थेंब थेंब होत होतं. मी तिथे पुन्हा ज्योत धरली. पुन्हा थेंब. मग मी जरा थांबून धरली.

काठ आत आला. फार नाही, नखाच्या जाडीइतका. तो हलताना मला दिसला, अगदी तसाच, जसा घरच्या गॅसवर तो तुकडा दिसला होता. मी टॉर्च बाजूला टाकला आणि गरम असतानाच एक स्टीलचा पेला आत दाबून तो काठ बाहेर ढकलला. गार झाल्यावर बोट फिरवून पाहिलं. बरोबर वाटला, आणि बरोबर नाही असंही वाटलं. चाचांचं घर तिथून सायकलने दहा मिनिटांवर होतं. साचा फळीवर होता. चढवून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण चाचांनी पाहिल्याबरोबर विचारलं असतं, आच कोणी लावली, आणि मला ते सांगायचं नव्हतं. मी रंग मारला. वाळल्यावर फिल्म सोडली. पाय पाण्यात उतरवताना माझा हात थरथरला नाही. फुलं अशी बसली, की पोटरीच्या वळणावर एक वेल नैसर्गिक वळून वर गेली. इतकं सुंदर काम मी आजतागायत दुसरं केलेलं नाही. ते पाहिल्यावर पाय परत नेऊन दाखवायचा विचार माझ्या मनातून पुरता गेला.

वैशालीने पाय मांडीवर घेतला आणि फुलांवरून हात फिरवत राहिली. भाऊ म्हणाले, "हे काय केलं रे? कसं?" मी म्हणालो, "पाण्यात बुडवायचं, बस्." ते म्हणाले, "पाण्यानं फुलं येतात का? नवलच हाये." तिने पाय चढवला, उभी राहिली, आणि क्षणभर तिचा चेहरा बदलला. मी विचारलं, "बसतोय ना नीट?" तिने सांगितलं, "थोडा घट्ट वाटतोय." मी म्हणालो, "नवा रंग आहे, दोन दिवसांत बसेल." रंगाने पाय घट्ट होत नाही. हे मला माहीत होतं.

त्या सोमवारी ती पहिल्यांदा घोट्याच्या वर सलवार ठेवून कॉलेजला गेली. मुली जमल्या, म्हणे. एकीने विचारलं, दुसऱ्या पायावरही काढून मिळतील का. घरी येऊन हे सांगताना ती इतकी हसली की आईला रडू आलं. त्यानंतर ती तो पाय काढायलाच तयार नसे. अपघातानंतर त्या बाजूची कातडी तिला नीट कळत नसे, अर्धी बधिरच होती. काठ कुठे रुततोय हे तिला पुरतं समजलं नाही, आणि जेवढं समजलं तेवढं तिने सांगितलं नाही. आत ती दोन मोजे चढवायला लागली होती. पहिल्यांदा कळलं ते आईला, तेही कानाने. एका सकाळी भाकरी थापता थापता तिचे हात थांबले.

"वैशू, तुन्ही चाल बदलनी."

"नाही गं माय."

"माले ऐकू येस ना. टक् लवकर पडस."

मी त्या दिवशी घरी होतो. ताटावर बसलो होतो. मी मान वर केली नाही.

ताप आला तेव्हा आईने जबरदस्तीने पाय काढायला लावला. मोज्याला पू लागलेला होता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडावर जखम आत गेली होती. मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. औषधं बदलली, जखम दोनदा साफ केली, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, की हाडात गेलंय, आता गुडघा ठेवता येणार नाही. वैशालीला हे सांगायला भाऊ आत गेले आणि सांगता न येताच बाहेर आले. आईने सांगितलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर फक्त आईचा आवाज येत होता, गुडघा वाकवताना मोजायची त्या आवाजात, हळू आणि न थांबता. सगळ्या खोल्यांत फिनेलचा वास होता आणि मी जिन्याच्या पायऱ्या मोजत खाली गेलो. बावीस होत्या. अजून लक्षात आहेत.

पंधरा दिवसांनी भाऊ मला घेऊन धुळ्याला गेले. फुलांचा पाय पिशवीत होता. चाचा ओट्यावर पट्टे शिवत बसले होते. भाऊंनी खाली गल्लीतूनच सुरुवात केली. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथली माणसं उठून आली. पोरीचा गुडघा गेला हे ऐकल्यावर चाचांनी हातातली सुई ठेवली. मग आत जाऊन साचा घेऊन आले. पाय त्यावर चढवला. तो अर्ध्यावर अडकला. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला, त्या एका जागी थांबवला, आणि पाय उजेडाकडे धरला.

"भाऊ, इसको आँच लगी है."

"कोण लावीन आच?" भाऊ म्हणाले. "घरात लेकरू जाळायले बसलो का आम्ही? माह्या पोरानं पाण्यात बुडवून फुलं काढली त्यावर. पाण्यानं पाइप आवळते का कधी? तीस वर्सं पाइपात काढली मी, मले शिकवता का?"

"पानी से नहीं. आँच से."

भाऊ माझ्याकडे वळले. "अरुण, तू सांग. आग लागली होती याले?"

चाचा माझ्याकडे पाहत होते. रागाने नाही, माप घेताना पाहायचे तसे. मला वाटतं, मी खरं बोलेन असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

"नाही भाऊ," मी म्हणालो. "फक्त पाण्यात बुडवला होता."

चाचांनी पाय पिशवीत घातला. "लड़का बोल रहा है तो ठीक है," ते म्हणाले. साचा त्यांच्या हातातच होता. तो कशाच्याच कामाचा राहिला नव्हता, त्या मापाचा पाय आता जगात नव्हता. भाऊंनी तो ओढून घेतला आणि पायऱ्यांवर आपटला. प्लास्टर फुटून गल्लीभर झालं. एक कुत्रं येऊन हुंगून गेलं. भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या माणसाकडे कोणी पाय बनवू नका." मग त्यांनी ट्रस्टला पत्र लिहिलं. पत्राचं शुद्धलेखन मीच तपासून दिलं. ट्रस्टने चाचांकडे माणसं पाठवणं बंद केलं. पुढे नानांकडून कळलं, की चाचा आता बाजारात चपला शिवतात. मी धुळ्याची नोकरी सोडून जळगावला परत आलो.

वैशालीने रसायनशास्त्र सोडलं. मांडीपासून लावायचा पाय जड होता. बसताना त्याचा सांधा हाताने मोकळा करायचा आणि उठल्यावर पुन्हा अडकवायचा. तिसरा मजला संपला. तिने घरी बसून बी.ए. केलं आणि शिकवण्या सुरू केल्या. फरशीवरचा आवाज आता वेगळाच झाला होता: काठी, पाय, आणि मग ओढल्यासारखं काहीतरी. भाऊ गेले तोपर्यंत धुळ्याच्या त्या माणसाला शिव्या देत गेले. त्यांच्या शेवटच्या आजारात मी रोज त्यांच्या पायाशी बसायचो आणि रोज मनात वाक्य जुळवायचो. एकदा ते म्हणाले, "काही बोलायचं हाये का तुले?" मी म्हणालो, "नाही, पाणी हवंय का विचारत होतो."

आता माझं स्वतःचं दुकान आहे, त्याच कामाचं. माणूस दुसरं काही शिकला नाही की असं होतं. मागच्या वर्षी एक तरुण आला, पाचोऱ्याकडचा. त्याने पिशवीतून आपला पाय काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "काका, यावर वाघाचे पट्टे करून द्या." मी नाही म्हणालो. त्याने विचारलं, का. मी म्हणालो, होत नाही. तो म्हणाला, "सगळ्यावर होतं आणि याच्यावर होत नाही?" मी त्याच्यावर ओरडलो. तो बिचारा पाय पिशवीत घालून कुबडीवर तोल सांभाळत उतरला. मी शटर अर्धं ओढलं आणि सरळ घरी गेलो.

वैशाली पडवीत मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. ज्योत, काठ, पेला, फळीवरचा साचा, सगळं. ती मेथी निवडत राहिली. माझं संपल्यावर तिने विचारलं, "दिसलं होतं तुला?"

"हो."

"मला द्यायच्या आधी?"

"हो."

तिने काड्या एका बाजूला केल्या. "मला वाटायचं, मी लपवलं म्हणून झालं," ती म्हणाली. "फुलांच्या हौसेपायी मी कोणाला सांगितलं नाही, म्हणून गेला. माय मरताना मी तिची माफी मागितली त्याबद्दल."

माझ्या खोटं बोलण्याने चाचांचं काम गेलं हे मला माहीत होतं. त्याचं हे दुसरं टोक इतकी वर्षं माझ्याच घरात, माझ्यासमोर बसून जेवत होतं, हे मला माहीत नव्हतं.

 पाचव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "शनिवारी धुळ्याला जाऊ. गाडी काढ."

एरंडोल गेलं, पारोळा गेलं, ती खिडकीबाहेर पाहत होती. गल्ली बदलली आहे, पण ओटा तोच आहे. चाचा आता फार थकले आहेत, नजर कमी झाली आहे. सून त्यांना धरून बाहेरच्या खोलीत घेऊन आली. चार पायऱ्या आहेत. वैशालीने काठी वर ठेवली, चांगला पाय चढवला, मग दुसरा ओढून घेतला. मी खाली उभा राहून चारही पाहिल्या. चाचांनी आवाज ऐकला आणि विचारलं, "घुटने से ऊपर का है?" ती म्हणाली, "हो चाचा." ते म्हणाले, "किसने बनाया? वज़न ज़्यादा रखा है."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो, नाव सांगितलं आणि हळू आवाजात बोलायला लागलो. दोन वाक्यं झाली असतील. त्यांनी हात वर केला.

"तेरे बाप ने गली में खड़े होके बोला था. तू अंदर बैठ के कान में बोलेगा?"

मी वैशालीकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि काठी घेतली. आम्ही तिघं ओट्यावर आलो. समोर सायकलचं दुकान अजून आहे. दोघं जण ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर पाहत होते. एक बाई भाजी घेत होती. मी म्हणालो, "चाचा, माझं चुकलं."

"क्या चुका? वो बोल," चाचा म्हणाले. "उधर तक जाने दे."

भाजीवाल्याने मान वर केली. वैशाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिने तिचा पाय अडकवून घेतल्याचा खटका मला ऐकू आला.

"मी जळगावचा अरुण," मी म्हणालो, आणि या वेळी मोठ्याने म्हणालो. "माझे वडील इथे येऊन बोलले होते, की हमीदचाचांनी माझ्या बहिणीचा पाय खराब बनवला. तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. चाचांनी पाय बरोबर बनवला होता. त्याला आग मी लावली. काठ आत आलेला मला दिसला होता, तरी मी तो तिला दिला. याच जागी चाचांसमोर मला विचारलं, तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं. माझ्या बहिणीचा गुडघा माझ्यामुळे गेला, आणि चाचांचं काम माझ्यामुळे गेलं. चाचा, मी खोटं बोललो. वैशू, मी खोटं बोललो. मला माफ करा."